स्टँडला नाव मिळालं, रोलर कोण ओढणार?

16 मे 2025 ला वानखेडे स्टेडियमवर तीन नवी नावं झळकली: अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा. त्यानंतर कितीतरी दिवस मराठी वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर जुंपलेली होती. अजून खेळणाऱ्या माणसाच्या नावाचं स्टँड कसलं, असं एक टोक. राजकारण्याचं नाव मैदानावर नकोच, असं दुसरं. त्यावर उत्तर ठरलेलं, की पवार मुंबई क्रिकेट असोसिएशनचे, बीसीसीआयचे आणि आयसीसीचेही अध्यक्ष होते, काम केलंय, मग नाव का नको? वाडेकरांबद्दल कोणी ब्र काढला नाही. 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकून आलेला कर्णधार 2018 मध्ये गेला आणि त्याच्या नावाचं स्टँड व्हायला आणखी सात वर्षं लागली, याचं मात्र फारसं कुणाला काही वाटलेलं दिसलं नाही.

मी राहतो इंग्लंडात, लँकेशायरमध्ये. अशा वेळी 'आमच्याकडे बघा कसं असतं' असं सुनावायची परदेशस्थ मराठी माणसाला भारी खुमखुमी असते. ती जिरवायला मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान पुरेसं आहे. वानखेडेनंतर दोनच महिन्यांनी, भारत-इंग्लंड कसोटीच्या वेळी, तिथल्या एका स्टँडला वेस्ट इंडीजचे क्लाइव्ह लॉइड आणि आपले फारूख इंजिनियर यांची नावं दिली गेली. दोघंही हयात, दोघंही तिथे हजर. त्याच मैदानाच्या एका टोकाला 2017 मध्येच इंग्लंडचा गोलंदाज जेम्स अँडरसनचं नाव दिलेलं होतं आणि पठ्ठ्या नंतर कितीतरी वर्षं कसोटी खेळत राहिला. तेव्हा जिवंत माणसाचं नाव द्यावं की नाही, यावर गोऱ्यांकडे काही खास शहाणपण आहे अशातला भाग नाही. इंजिनियर हे दादर पारशी कॉलनीतले. 1968 ते 1976 लँकेशायरकडून खेळले आणि इथलेच झाले. त्यांच्या नावाचं स्टँड असावं हे मुंबईच्या आधी मँचेस्टरला सुचलं, एवढी टोचणी मात्र मी मुंबईकरांना जरूर देईन.

माझी तक्रार निराळी आहे. हा सगळा वाद कायम वरच्या शे-दोनशे माणसांपुरता चालतो. खेळ ज्यांच्यावर उभा असतो त्यांची आठवण कशी ठेवायची, यावर आपल्याकडे कुणी भांडतसुद्धा नाही.

मुंबईचे क्रिकेट प्रशिक्षक वासू परांजपे यांचंच उदाहरण घ्या. जन्म 1938, गुजरातेत वलसाडचा. मुंबई आणि बडोद्याकडून मिळून 29 प्रथम श्रेणी सामने, 785 धावा. एवढ्या भांडवलावर स्टेडियममधल्या खुर्चीलाही कोणी नाव देणार नाही. पण 30 ऑगस्ट 2021 ला ते गेले तेव्हा सुनील गावसकरांपासून मैदानावरच्या पोरासोरांपर्यंत सगळे हळहळले. गावसकरांना 'सनी' म्हणायला सुरुवात केली ती वासूंनीच. माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा दादर युनियन क्लब हे त्यांचं घर. जुने कसोटीपटू माधव मंत्री म्हणजे तिथली शिस्त. वेळेवर आला नाहीस तर संघाबाहेर, मग तू कुणीही अस, आणि मंत्री गावसकरांचे सख्खे मामा असले तरी भाच्याला त्यात सवलत नव्हती. वासू त्याच क्लबचे कर्णधार झाले. शिस्त तीच ठेवली, वर गप्पांची मैफल जोडली. समोरच्या पोराला 'तू मोठा खेळाडू आहेस' असं सांगायचं आणि त्यालाच ते खरं वाटायला लावायचं, ही त्यांची विद्या. पुढे एकोणीस वर्षांखालच्या मुलांना आणि बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमीत त्यांनी शिकवलं ते याच हातोटीवर.

अशा माणसाला घडवायला एक व्यवस्था लागते, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गेली. रविवारी कांगा लीग, म्हणजे मुंबईच्या क्लबांची स्पर्धा. 1948 पासून चालत आलेली, भर पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्टीवर. तिथली पन्नाशी म्हणजे इतरत्र शतक, असं जुने लोक म्हणत. आणि ऑफिसचं क्रिकेट. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धेसाठी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत. नोकरी पोट भरायची, खेळायला वेळ द्यायची आणि वर दोस्तही द्यायची. बँकेतला कारकून आणि कसोटीवीर एकाच डब्यातून जेवत. त्यातल्या कितीतरी कंपन्यांनी संघ गुंडाळले, गिरण्या तर जागेवरच राहिल्या नाहीत. मग आपण म्हणतो, अशी माणसं आता होत नाहीत. होतील कशी? रोज चार तास लोकलमध्ये आणि दहा तास लॅपटॉपपुढे घालवणारा माणूस दडकर मैदानावर जाणार कधी?

लँकेशायरचीही गोष्ट हीच. इथली लीग 1892 ची. नेल्सन, अ‍ॅक्रिंग्टन, हॅस्लिंग्डेन, रिश्टन, सगळी गिरणगावं. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार थेट मैदानावर. प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पदरी ठेवायचा. विनू मांकड 1952 मध्ये हॅस्लिंग्डेनकडे करारानं खेळत होते. लॉर्ड्स कसोटीसाठी त्यांना तिथून सोडवून आणावं लागलं, आणि तिथे त्यांनी 72 आणि 184 काढल्या. आपले सुभाष गुप्ते रिश्टनकडून लेगस्पिन टाकून गेले. गिरण्या इथेही बंद पडल्या. क्लब मात्र बरेचसे तगले. का तगले, हे मला एका अंत्यविधीला कळलं.

आमच्या क्लबात एक म्हातारबाबा होते. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. सोमवार ते शुक्रवार बस चालवली, शनिवार क्लबला दिला. तरुणपणी ऑफस्पिन टाकत. चेंडू वळत नसे, पण फलंदाजाला वळेल अशी भीती घालण्यात पटाईत. पुढे स्कोअरर झाले, मग पंच, मग रोलर फिरवणारे, आणि शेवटी यातलं जे पडेल ते. निवृत्त झाल्यावर बस सुटली पण ड्रायव्हरची सवय सुटली नाही. सामना दोनला असेल तर एकला ते फाटकाशी उभे राहून घड्याळाकडे बघायचे.

अंत्यविधीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, काळे कपडे नकोत, क्लबचा टाय असेल तर लावा. स्मशानातलं सगळं अर्ध्या तासात उरकलं, कारण पुढच्यांची वेळ ठरलेली. मग सगळे पॅव्हेलियनमध्ये. सँडविचेस, पोर्क पाय, बिअर. एक जण उभा राहिला आणि म्हणाला, ''या गृहस्थानं मला पायचीत दिलं होतं तेव्हा चेंडू लेग स्टंपच्या इतका बाहेर होता की यष्टिरक्षकाला तो वाकूनही मिळाला नाही.'' सगळे खो खो हसले, सगळ्यात मोठ्यांदा त्यांची बायको. नंतर तासभर हेच. त्यांचा हेकटपणा, त्यांची कंजुषी, पेन्सिल शेवटच्या इंचापर्यंत वापरायची खोड.

आपल्याकडच्या शोकसभेत हे जमत नाही. माणूस गेला की तो एका रात्रीत हसतमुख, दिलदार, अजातशत्रू आणि 'राजकारणापलीकडचा' होतो. पंधरा भाषणं ऐकल्यावर मेला कोण, हे व्यासपीठावरचा फोटो बघून खात्री करून घ्यावी लागते. वासू परांजप्यांसारख्या गप्पिष्टाला हे उदास विशेषणांचं हार-तुरे प्रकरण किती कंटाळवाणं वाटलं असतं!

पण पॅव्हेलियनमधली खरी गोष्ट पुढे आहे. क्लबच्या सेक्रेटरीनं फळ्यावर दोन कागद टाचले. म्हातारबाबा करत ती सगळी कामं त्यावर एकेका ओळीत लिहिलेली, पुढे नावासाठी रिकामी जागा. रोलर. कव्हर्स. पंचांना शुक्रवारी फोन. ज्युनियरच्या पोरांचे पॅड धुणं. चहाच्या बॉयलरची गळकी तोटी, तिला फडकं कसं बांधायचं ते त्यांनाच ठाऊक होतं. बिअरचे ग्लास हातात घेऊन माणसं ओळी वाचत होती आणि पेन मागत होती. संध्याकाळपर्यंत बहुतेक जागा भरल्या. माझ्या वाट्याला स्कोअरबोर्ड आला. पत्र्याच्या पाट्यांवर रंगवलेले आकडे, त्यातला एक 7 कधीचाच हरवलेला. 1 च्या पाटीला खडूनं वर आडवी रेघ ओढून भागवायचं, पावसात ती पुसली जाते आणि धावफलकावर सहा धावा कमी होतात, मग प्रतिस्पर्धी कर्णधार तावातावानं येतो. त्यांच्या नावाचा बाकही झाला पुढे, सीमारेषेजवळ. पण आधी फळ्यावरची यादी, मग बाक.

आता दुसरी बाजू. मृत्यू आणि अंत्यविधी यांच्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. इथे हे नेहमीचंच. त्या काळात त्यांच्या बायकोकडे टपालातून कार्डांची रास आली, दारात फुलं आली, पण आत जाऊन बसणारं जवळपास कुणी नाही. 'त्यांना त्यांचा एकांत द्यावा' हा इथला शिष्टाचार. माझी बायको पिठलं-भाताचा डबा घेऊन गेली तर बाई दारातच गोंधळल्या, आत घ्यावं की आभार मानून दार लावावं. घेतलं आत, आणि मग दोन तास सोडलं नाही. पिठलं त्यांना आवडलं की नाही देव जाणे, बोलायला माणूस हवं होतं. आमच्या चाळीत कुणी गेलं तर चूल बंद, शेजारचं पिठलं-भात न सांगता हजर, तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. कधी कधी नको इतकं भरलेलं, हेही खरं. पण बाईमाणूस एकटं भिंतीकडे बघत बसलंय, असं होत नाही. याबाबतीत आमची चाळ लँकेशायरपेक्षा मला सरस वाटते.

रमाकांत आचरेकर 2 जानेवारी 2019 ला गेले तेव्हा आपल्या या दोन्ही तऱ्हा एकदमच दिसल्या. पद्मश्री, द्रोणाचार्य मिळालेल्या गुरूला सरकारी इतमाम मिळाला नाही म्हणून ओरड झाली, मंत्र्यांनी त्याला संवादातली त्रुटी म्हटलं. तिकडे शिवाजी पार्कवर पोरांनी दुतर्फा बॅटी उंचावून सरांना निरोप दिला, आणि खांदा द्यायला सचिन तेंडुलकर होता. मला विचाराल तर बंदुकांच्या सलामीपेक्षा त्या बॅटी लाख पटीनं मोलाच्या. इतमाम मिळायलाच हवा होता, यात वाद नाही. पण वर्तमानपत्रांची पानं त्यावरच भरली. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या फाटकाशी सरांचं स्मारक झालं. चांगलं झालं. त्याच पार्कातल्या लाल मातीच्या धुळीनं आजूबाजूचे रहिवासी खोकून बेजार आहेत आणि नेटमधली पोरं तीच धूळ खातात, हा प्रश्न मात्र निवडणुकीगणिक नव्यानं सोडवला जातो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या लहानपणच्या मैदानावर आम्हाला खेळवणारे काका यंदा गेले. पोस्टात नोकरी, संध्याकाळी मैदान, रात्री कट्टा. लग्नं जुळवली, नोकऱ्या लावल्या, पोरांची भांडणं सोडवली. जुन्या पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर तीन सूचना आल्या. चौकाला नाव. मोठा फ्लेक्स. आणि 'स्मृती चषक', म्हणजे प्रकाशझोतात टेनिस बॉलचे सामने, डीजे, आणि प्रवेशद्वारावर काकांपेक्षा मोठा फोटो नगरसेवकाचा.

मी लिहिलं, माझे पैसे चौकाला नाही आणि डीजेला तर नाहीच. मैदानाची माती पावसात वाहून जाते, दर जूनला काका पदरमोड करून ताडपत्री आणायचे, ती आणा. रोलर ओढणारा माळी आहे, त्याला वर्षभराचा पगार बांधून द्या. आणि काका जे जे करत त्याची यादी करून ग्रुपवर टाका, पुढे नावं लिहा. यावर एक जण चिडला, ''तिकडे बसून सांगायला सोपंय.'' रास्त आहे. म्हणून यादीतलं एक काम मी इथून करणार आहे, मुलांच्या स्पर्धांच्या प्रवेशिका आणि फॉर्म भरणं. ते काकांना अजिबात आवडायचं नाही, शेवटच्या दिवशी घाईघाईत भरायचे आणि जन्मतारखा चुकवायचे.

चौकाची सूचना अजून मागे घेतलेली नाही. पण ताडपत्री तीस बाय चाळीस घ्यायची की चाळीस बाय साठ, यावर काल रात्रीपासून चांगलीच जुंपली आहे.