दादा, हुजरेगिरी म्हणू नकोस

युरोपियन कमिशनच्या, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेनना युरोपच्या एकीसाठी दिला जाणारा कार्ल्सप्राइज हा पुरस्कार २०२५ ला मिळाला तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर कोल्हापूरच्या दादाचं एकच पालुपद, खुर्चीवरच्या माणसाला पुरस्कार म्हणजे हुजरेगिरी, आपल्याकडे काय नि तुमच्या युरोपात काय. काकांनीही त्याला अंगठा दिला. मला खरंच राग आला.

अरे हा पुरस्कार सरकार देत नाही, जर्मनीतल्या आमच्या आखेन शहराचा आहे तो. युद्धात शहर उद्ध्वस्त झालेलं, त्यात कुर्ट फायफर नावाच्या इथल्याच एका व्यापाऱ्याने १९४९ ला ही कल्पना मांडली नि १९५० पासून देतात. आणि हुजरेगिरी? २०१८ ला फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँना दिला, तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलर मर्केल बाईंनी त्यांच्या गौरवाचं भाषण केलं, आणि माक्राँनी तिथेच, बाई समोर बसलेल्या असताना, जर्मनीने बजेटच्या शिलकीचं वेड सोडावं म्हणून सुनावलं. आपल्याकडच्या सत्कारात सत्कारमूर्तीने यजमानाला असं सुनावलेलं मी तरी ऐकलं नाही.

फॉन डेर लायेन बाईंचं सगळं मला पटतं असं नाही. कोविडच्या लशीच्या खरेदीवेळच्या त्यांच्या मेसेजेसची माहिती नाकारली ते चूक, असं युरोपियन युनियनच्याच कोर्टाने समारंभाच्या दोन आठवडे आधी सांगितलं, आणि तरी पुरस्कार दिला हे मला खटकलंच. त्यावर बोल ना, मी तुझ्या बाजूने बोलेन. पण तू बोलतोस ते सगळ्यांना एकाच मापात टाकून.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये सीमावाद पेटला तेव्हा तुमच्याकडून कर्नाटकात जाणारी एसटी बंद झाली होती, दोन्हीकडे आपलीच माणसं. मी इथे बसने सीमेपलीकडे नेदरलँड्समधल्या वाल्सला जाऊन भाजी आणते, देश कधी बदलला कळायचंही नाही. कळायचं नाही म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत. तेव्हा जर्मनीच्या सीमेवर परत चेकिंग सुरू झालं, आणि एकदा भरलेल्या बसमधून पोलिसांनी कागद मागितले ते फक्त माझ्याकडे. जर्मन पासपोर्ट दाखवला, भारताचा परत करून घेतलेला.

हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही कारण दादा म्हणाला असता, बघ, सांगत होतो. पण खरं सांगते, मी जर्मन आहे असं म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, समोरचा पुढे "मूळची कुठली" विचारतोच. युरोपियन आहे म्हणताना अडखळत नाही, त्यात सगळेच कुठून तरी आलेले. माझ्यासारखीला बसायला जागा आहे ती त्या युरोपात, आणि तो एक राहावा म्हणून खपणाऱ्यांचा माझ्या शहरात सत्कार झाला तर मी टाळ्या वाजवणार.