10 टक्के वेस्टेज नेमकं कुणाचं?

नाशिकमध्ये घर बांधायला काढलं की कुणीतरी हा मेसेज पाठवतोच: बांधकामात 10 टक्के माल वाया जाणारच, तो मजुरांच्या बेफिकिरीने जातो, म्हणून सगळा माल आधीच जास्तीचा भरून ठेवा, डेब्रिजची, म्हणजे राडारोड्याची, चिंता नको, भरावात खपतं. मी साइटवर उभा राहणारा माणूस. यातलं एकही वाक्य मला जसंच्या तसं मान्य नाही.

आधी ते ‘जाणारच’ बघू. सळई 12 मीटरची येते. मजल्याच्या कॉलमला लॅप (दोन सळया जोडताना एकमेकींवर येणारी लांबी) धरून 3.6 मीटरचा तुकडा लागत असेल, तर एका सळईत तीन तुकडे बसतात आणि 1.2 मीटर उरते. झाले बरोबर 10 टक्के! पण 3 फुटी दरवाजाच्या लिंटेलला, म्हणजे वरच्या आडव्या काँक्रीटच्या पट्टीला, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच टेकू धरून, 4 फूट म्हणजे जवळपास तेवढीच सळई लागते. उरलेला तुकडा तिथे जाईल की भंगारात, हे सळया कापणाऱ्या फिटरने कटिंग सुरू करण्याआधी कुणी बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती लांबीची कापायची याची यादी) केलं होतं का, यावर ठरतं. ते करणं फिटरचं काम नाही, साइट सांभाळणाऱ्या आमचं आहे.

मजुरांची बेफिकिरी नसतेच, असं मी म्हणत नाही. जेवायच्या सुट्टीआधी कालवलेला माल सुट्टीनंतर परत पाणी मारून वापरलेला मी पाहिलाय. पण सगळ्यात मोठी नासाडी ढिगात दिसतच नाही, ती भिंतीला चिकटलेली असते. आतलं प्लास्टर 12 मिलिमीटरचं धरलेलं असतं. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नसेल तर ते 20 वर जातं, म्हणजे सिमेंट-वाळू दीडपटीहून जास्त. झाडून कचऱ्यात काहीच निघत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. शिवाय आपण गवंड्याला मजुरी स्क्वेअर फुटावर देतो आणि माल मालकाचा असतो. वाचवून त्याला काय मिळणार? पहिल्या चार-पाच थरांनाच ओळंबा लावून बघा, पुढचं भांडण टळतं.

‘आधीच भरून ठेवा’ हा सल्ला तर पावसाळ्याच्या तोंडावर घातकच. सिमेंट हवेतली ओल खातं. तीन महिन्यांहून जुनं झालं तर तपासल्याशिवाय वापरू नये. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब, दहा पोत्यांपेक्षा उंच नको. आणि रस्त्याकडेला ओतलेली क्रश सँड एका पावसात गटारात जाते, वर शेजाऱ्यांची तक्रार. टाइल्स मात्र दोन-तीन बॉक्स जास्त घ्या. वर्षभराने तीच रंगाची शेड मिळेल याची खात्री नाही. एवढ्यापुरता मेसेज बरोबर.

डेब्रिजबद्दल बोलायचं तर विटांचे तुकडे फरशीखाली थर देऊन चांगले कुटले तर चालतात. पण त्यात लाकूड, सिमेंटची रिकामी पोती, पीओपी आलं की फरशी एक दिवस खचतेच. पीओपीतलं सल्फेट काँक्रीटलाही मानवत नाही. नासर्डीच्या काठावर ओतायचं म्हणाल तर नदीचा मार्ग आपणच आवळतो. पूर आला की ते पाणी कुणाच्या तरी घरात शिरतं. केंद्राच्या नियमांनी 2016 मध्येच हा राडारोडा वेगळा ठेवायला सांगितलं. निव्वळ काँक्रीट वेगळं काढलं तर त्याची खडीही होते: खडी-वाळूच्या भारतीय मानकात, आयएस 383 मध्ये, 2016 पासून एम25 ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) 20 टक्क्यांपर्यंत अशी खडी चालते. ढीग एकत्र झाला की तो निवडायची मजुरी कुणालाच परवडत नाही. म्हणून पाडकामाच्या पहिल्या दिवशीच गवंड्याला अंगणात तीन कोपरे दाखवून द्या: विटा, काँक्रीट, आणि बाकीचं सगळं.