‘आयर्लंडला सैन्य लागत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर थोरल्या मामांनी एक मेसेज पाठवला. दोन दिवसांत तोच शाळेच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या. वर आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचा फोटो आणि खाली मजकूर असा: मालवणजवळच्या वराड गावाशी नातं असलेल्या माणसाने चालवलेला हा देश पाहा. आयर्लंडकडे लढाऊ विमान नाही, रणगाडा नाही, पाणबुडी नाही. तो तटस्थ आहे, म्हणून त्याला शत्रू नाही. सैन्यावरचा पैसा वाचवून तो श्रीमंत झाला. जे थोडे सैनिक आहेत ते युरोपचा पगार घेऊन निवांत नोकरी करतात. भारताने यातून शिकावं.

मी नऊ वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहतो आणि रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात काम करतो. तिथून पूल ओलांडला की हॉलबोलिन बेट लागतं. आयरिश नौदलाचा एकमेव तळ त्या बेटावर आहे. धक्क्याला बांधलेल्या करड्या नौका मी जाता-येता बघतो, त्यामुळे हा मेसेज पुढे ढकलून गप्प बसवलं नाही.

आधी त्यातलं खरं ते मान्य करतो. आयर्लंडकडे जेट लढाऊ विमान एकही नाही, रणगाडे आणि पाणबुड्याही नाहीत. डब्लिनजवळच्या बल्डोनेल तळावर पीसी-९ नावाची पंख्याची प्रशिक्षण विमानं आहेत. पण हे आकाश कुणीच राखत नाही, असं नाही. रशियाची लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळून गेली, तेव्हा त्यांच्या मागावर ब्रिटनची लढाऊ विमानं उडाली. ज्या ब्रिटनशी लढून १९२२ मध्ये हे राज्य उभं राहिलं, त्याच ब्रिटनच्या वैमानिकांवर शंभर वर्षांनी आकाशाची भिस्त आहे. इथल्या माणसांना हे बोचतं. मेसेजमध्ये ते अभिमानाने सांगितलेलं पाहून मला वाईट वाटलं.

आता ‘तटस्थ, म्हणून शत्रू नाही’ हे वाक्य. तटस्थ असणं आणि सैन्य नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वित्झर्लंड तटस्थ आहे आणि तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. ती रद्द करायचा प्रस्ताव २०१३ च्या सार्वमतात ७३ टक्के लोकांनी फेटाळला. त्याच वर्षी तटस्थ ऑस्ट्रियानेही सार्वमताने सक्तीची सेवा कायम ठेवली. खुद्द आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिला तो चाळीसेक हजार माणसं गणवेशात उभी करून. तरीही ३१ मे १९४१ च्या पहाटे जर्मन बॉम्ब डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर पडले आणि २८ माणसं मेली.

आजचं सांगायचं तर अमेरिका आणि युरोप यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या इंटरनेट केबलींपैकी कितीतरी आयर्लंडच्या पाण्यातून किंवा त्याच्या कडेने जातात. तुमचा हा मेसेजसुद्धा कदाचित त्यांतल्याच एखादीतून माझ्यापर्यंत आला असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘यांतार’ हे रशियन जहाज, जे समुद्रतळाची टेहळणी करतं असं पाश्चात्त्य देशांचं म्हणणं आहे, आयरिश समुद्रात शिरलं होतं. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये रशियाने नैर्ऋत्य किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर क्षेपणास्त्रांचा सराव जाहीर केला. सर्वांत ठळक विरोध केला तो कॅसलटाउनबेअरच्या बाजूच्या मच्छीमारांनी. आमची जाळी तिथेच पडतात, आम्ही मासेमारीला जाणारच, म्हणाले. रशियाने सराव आणखी बाहेर नेला. मच्छीमारांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण देशाच्या सागरी हद्दीची बाजू ट्रॉलरवाल्यांना मांडावी लागली, याला सुरक्षितता कशी म्हणायची?

‘सैन्याचा पैसा वाचवून श्रीमंत’ या दाव्याला एकच गोष्ट पुरे. १९५० च्या दशकातही आयर्लंडचं सैन्य लहानच होतं आणि देश गरीब होता, इतका की त्या दहा वर्षांत सुमारे चार लाख लोक पोटासाठी देश सोडून गेले. कोकणातल्या घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले तसे इथल्या घरांनी लंडन-बॉस्टनच्या पाकिटांवर काढले. श्रीमंती आली ती १९७३ मध्ये युरोपच्या सामायिक बाजारात शिरल्यावर, शिक्षण वाढल्यावर आणि साडेबारा टक्के कंपनी कराने अमेरिकी औषध आणि संगणक कंपन्यांना ओढून आणल्यावर. माझी नोकरी त्याच साखळीतली. या परदेशी कंपन्यांमुळे इथलं राष्ट्रीय उत्पन्न कागदावर फुगतं, म्हणून संरक्षणखर्चाची टक्केवारी आहे त्याहून बारीक दिसते, हेही मान्य. पण ती फूग काढून टाकली तरी युरोपात हा खर्च तळालाच राहतो. २०२५ साठी ठरलेले १३५ कोटी युरो हा तोवरचा विक्रम होता.

आणि त्या ‘निवांत नोकरी’बद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण वाचवलेला म्हणतात तो पैसा नेमका या माणसांच्या ताटातून काढलेला आहे.

आयरिश सैन्याची मंजूर संख्या ९,५०० होती: भूदल, नौदल, हवाई दल सगळं धरून. प्रत्यक्षात २०२३ च्या अखेरीस माणसं होती साडेसात हजारांच्या आसपास. २०२२ मध्ये जितकी भरती झाली, त्याच्या जवळपास दुप्पट माणसं सोडून गेली. नौदलात १,०९४ पदं मंजूर, भरलेली साडेसातशेच्या आसपास. नोकरी निवांत असती तर लोक पळाले असते का?

पळण्याची कारणं साधी आहेत. पगार कमी. आज नव्या शिपायाचा पगार बराच सुधारला आहे, पण तो आता कुठे, माणसं गेल्यावर. त्याआधी वर्षानुवर्षं अशी कुटुंबं होती की घरातला कर्ता गणवेशात, आणि तरी घर चालवायला अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी भत्ता घ्यावा लागे. २००८ च्या मंदीनंतर कपात झाली, बराकी बंद झाल्या, दूरच्या बराकीत बदली झालेल्याचा रोजचा प्रवास वाढला. माणसं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याला पहाऱ्याच्या पाळ्या वाढतात; पाळ्या वाढल्या की आणखी चार जण राजीनामा देतात. कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा आयर्लंडने १९९७ मध्ये केला आणि त्यातून सैन्याला वगळलं. कारखान्यात माझी पाळी संपली की कायदा मला विश्रांती देतो. पुलापलीकडच्या खलाशाला तो हक्क नव्हता.

आणि बोलायचं कुणी? सैनिकाला संप करता येत नाही. १९८९ मध्ये सैनिकांच्या बायका रस्त्यावर उतरल्या, कारण नवऱ्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती. त्यांनी निवडणुकीत उमेदवारही उभे केले. त्या रेट्यातून पगारासाठी आयोग बसला आणि पुढे सैनिकांची पहिली अधिकृत संघटना, पीडीफोरा, उभी राहिली. देशातल्या कामगार संघटनांच्या महासंघाशी तिला जोडून घ्यायला मात्र पुढची कित्येक वर्षं बंदी होती. अशी बंदी युरोपीय सामाजिक सनदेच्या विरुद्ध आहे, असं सनदेच्या समितीने म्हटल्यावर सरकार हळूहळू हललं.

नौदलाचं तर डोळ्यांदेखत घडलं. २०१९ मध्ये दोन नौका धक्क्याला बांधून ठेवल्या, कारण त्या चालवायला माणसं नव्हती. त्यांतली एक होती ‘एथना’, नौदलाची मानाची नौका, जिने २०१५ मध्ये भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांना वाचवलं होतं. २०२२ मध्ये तिच्यासह तीन नौका सेवेतून काढल्या. न्यूझीलंडकडून दोन जुन्या गस्तनौका घेतल्या. नौका विकत मिळाल्या, पण इंजिन खोलीत उभा राहणारा अनुभवी माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

तो माणूस जातो कुठे, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो माझ्या कारखान्यात येतो. आमच्या देखभाल विभागात नौदलातून आलेले तंत्रज्ञ आहेत: शिस्तीचे, हाताला सफाई असलेले, रात्री दोनला पंप बंद पडला तरी न डगमगणारे. सरकारने त्यांना शिकवलं आणि कंपनीने उचललं. त्यांतल्या एकाने मला सांगितलं, ‘समुद्र मी पगारासाठी सोडला नाही, मुलगी मला पाहुणा समजायला लागली म्हणून सोडला.’ माणसं कमी असल्याने त्याला एका फेरीवरून आला की दुसऱ्या फेरीवर पाठवत. या माणसाला कुणी निवांत म्हटलेलं मला चालणार नाही.

वराडकरांच्या फोटोबद्दल एक. कोकणाशी नातं सांगणारा माणूस पंतप्रधान झाला याचा आनंद मलाही आहे. पण २०१७ ते २०२० या त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत संरक्षण खातंही त्यांच्याच नावावर होतं. नौका बांधून ठेवल्या त्या याच काळात. तेव्हा हा फोटो इथे शोभत नाही.

सैन्यातल्या बायकांचं दुखणं याहून खोल आहे. २०२१ मध्ये माजी महिला सैनिक पुढे आल्या. ‘विमेन ऑफ ऑनर’ या नावाने त्यांनी बलात्कार, छळ आणि तक्रार दाबून टाकण्याच्या पद्धती उघड सांगितल्या. मार्च २०२३ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या महिलांपैकी ८८ टक्क्यांच्या आसपास महिलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ अनुभवल्याचं सांगितलं होतं. पुढे न्यायाधिकरण नेमावं लागलं. सैन्यात महिला आहेत जेमतेम सात टक्के. भरतीचा तुटवडा आहे म्हणताना निम्म्या लोकसंख्येला दारातच भीती वाटावी, हे त्या तुटवड्याचं मोठं कारण आहे आणि मेसेजमध्ये त्याचा मागमूस नाही.

‘निवांत’ हा शब्द आणखी एका कारणाने खोडायला हवा. १९५८ पासून आयरिश सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर जात आहेत. नोव्हेंबर १९६० मध्ये काँगोतल्या निएंबा इथे त्यांचे नऊ जण मारले गेले. पुढच्या सप्टेंबरमध्ये जादोव्हिलला कमांडंट पॅट क्विन्लन यांच्या दीडशेच्या वर माणसांनी पाच दिवस वेढा झेलला. त्यांच्या सुटकेला निघालेल्या तुकडीत भारतीय गुरखा जवानही होते. दारूगोळा आणि पाणी संपल्यावर क्विन्लन यांच्या माणसांनी शस्त्रं ठेवली, आणि मायदेशात त्यांच्यावर भेकडपणाचा शिक्का बसला. तो पुसून पदकं द्यायला २०१७ साल उजाडलं. क्विन्लन तोवर हयात नव्हते. लेबनॉनमध्ये १९७८ पासून ४८ आयरिश सैनिक मृत्युमुखी पडले. तिथेच ब्लू लाइनवर, म्हणजे लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधल्या संयुक्त राष्ट्रांनी आखलेल्या रेषेवर, वर्षानुवर्षं भारतीय बटालियनही उभी आहे, तेव्हा या सैनिकांना आपल्या माणसांचे शेजारी म्हणायला हरकत नाही.

आणि एवढ्या तुटपुंज्या बळावर ते काय करतात, हेही सांगितलं पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मॅथ्यू’ नावाचं मालवाहू जहाज कोकेन घेऊन दक्षिण किनाऱ्याजवळ आलं. ‘विल्यम बटलर येट्स’ या गस्तनौकेने खवळलेल्या समुद्रात त्याचा पाठलाग केला, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, आणि रेंजर दलाचे सैनिक हेलिकॉप्टरमधून दोरावरून हलत्या डेकवर उतरले. सव्वादोन टन माल सापडला. हे काम ज्यांनी केलं त्यांचं सैन्य ‘नाही’ म्हणून जगभर कौतुक चालू आहे.

आयर्लंडला स्वतःलाही हे पटलं आहे. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लिहून दिलं की आहे त्या बळावर गंभीर हल्ल्यापुढे देशाचं रक्षण होणार नाही. त्यानंतर संख्या साडेअकरा हजारांवर न्यायचं आणि खर्च वाढवायचं ठरलं. भरतीची वयोमर्यादा ३९ पर्यंत आणली. २०२४ मध्ये घसरण थांबली. म्हणजे तुम्ही ज्या धोरणाचं अनुकरण करा म्हणता, ते खुद्द त्यांनीच सोडायला घेतलं आहे.

भारताने शिकावं, यावर फार लिहीत नाही. चीन आणि पाकिस्तानला लागून हजारो किलोमीटर सीमा असलेला देश आणि अटलांटिकच्या कडेच्या बेटावरचा पन्नासेक लाखांचा देश, ही तुलना कुणालाही दोन मिनिटांत कळते. पण ‘त्यांच्या सैन्याचा आपल्याला काय उपयोग’ असं एका मावसभावाने मेसेजखाली लिहिलं. त्याला मात्र उत्तर देतो.

२३ जून १९८५. एअर इंडियाचं ‘कनिष्क’ माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली आणि पुढे मुंबईला यायचं होतं. सकाळी कॉर्कच्या किनाऱ्यापलीकडे बॉम्बस्फोटाने ते आकाशातच फुटलं. विमानातले ३२९ जण गेले. आयरिश नौदलाची ‘ॲशलिंग’ तेव्हा समुद्रावर गस्त घालत होती, म्हणून ती तिथे पोहोचू शकली. तिच्या तरुण खलाशांनी लहान बोटी उतरवल्या आणि उसळत्या पाण्यातून एकेक देह वर घेतला, मुलांचेही. एकूण १३१ मृतदेह मिळाले. काही खलाशांना नंतर शौर्यपदकं मिळाली. अहाकिस्ता गावात समुद्राकडे तोंड करून त्या प्रवाशांचं स्मारक आहे. दर २३ जूनला तिथे लोक जमतात, आणि मीही दोनदा गेलो आहे. त्या दोन्ही वेळी गणवेशातली नौदलाची माणसं मागच्या रांगेत उभी होती.