ताई, तारीख आपण बोलूनच ठरवली होती

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की 'काश्मीरला ट्युलिप दाखवतो म्हणून माणशी अडतीस हजार घेतले आणि मातीचे वाफे दाखवून आणलं, फसवलं आम्हाला'. आधी सॉरी, मनापासून. आईंना घेऊन एवढ्या लांब आलात आणि बाग मनासारखी दिसली नाही, मलाही वाईट वाटलंय. पहलगामला एक दिवस गरम पाणी नव्हतं तेही खरंय, हॉटेलवाल्यांशी बोलले मी.

पण 'फसवलं' हा शब्द फार लागला हो. मी आणि मिस्टर दोघंच हे सगळं बघतो, नऊ वर्षं झाली, असं कुणी बोललं नव्हतं.

जानेवारीत तुमचा फोन आला तेव्हा मी दोन तारखा सांगितल्या होत्या, मार्चअखेरची आणि ८ एप्रिलची, आणि म्हटलं होतं की एप्रिलची घ्या, तेव्हा बाग भरलेली असते. तुम्ही म्हणालात एप्रिलचं विमान माणशी साडेचार हजारांनी महाग पडतंय, मार्चचंच करू, थोडी कमी फुलं असली तरी चालतील. तो व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहे, इथे टाकणार नाही, पण तुम्ही एकदा काढून बघा. मी जास्त आग्रह करायला हवा होता एवढं मान्य.

आणि ताई, श्रीनगरची ट्युलिप गार्डन बारा महिने उघडी नसते. २०२३ ला १९ मार्चला उघडली, २०२४ ला २३ला, २०२५ ला २६ला, म्हणजे दर वर्षी वेगळी, आणि ती तारीख जाहीर होईपर्यंत आपली तिकिटं कधीच निघालेली असतात. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात, त्यांना पोटभर थंडी लागते, मग पुढे सगळं उन्हावर. ऊन लवकर तापलं तर लवकर फुलतं, गारठा लांबला की अडून बसतं, आणि पुरतं फुलल्यावर जोराचा पाऊस झाला की पाकळ्या खाली. पंधरा लाखांच्या वर कंद आहेत तिथे, ते एका दिवशी फुलतील कसे? मुद्दाम लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या जाती लावतात, म्हणून तर बाग तीन-चार आठवडे चालते. आपण गेलो तेव्हा बाग उघडून चारच दिवस झाले होते आणि लवकरच्या जातीचे पिवळे वाफे फुलले होते, त्यांच्यासमोर तुमच्या फॅमिलीचा फोटो मीच काढलाय.

बाकीकडे कळ्या होत्या, हिरव्यागार, टोकाला पोपटाच्या चोचीएवढा लाल रंग आलेला. आईंनी वाकून एक कळी बघितली आणि मला म्हणाल्या, 'अगं ही उद्या-परवात उमलेल बघ.' सकाळी ढग होते, ट्युलिप ढगाळ गारठ्यात मिटून राहतं. साडेअकराला झबरवानच्या डोंगरावर ऊन आलं आणि मिटलेली पिवळी फुलं हळूहळू उघडायला लागली, पण तोवर तुम्ही कंटाळून बसमध्ये जाऊन बसला होतात. आई थांबल्या होत्या आमच्याबरोबर, त्यांना विचारा.

आदल्या दिवशी बादामवारीत बदामाची झाडं पांढरी-गुलाबी झाली होती, तिथे तुम्ही दीड तास रमलात. काश्मीरचा वसंत आधी बदामावर येतो, मग ट्युलिपवर, एप्रिलच्या बॅचला तो बदामाचा बहर मिळत नाही. त्याचा एक शब्द रिव्ह्यूत नाही याचं जास्त वाईट वाटलं.

आमच्या जाहिरातीत पूर्ण फुललेल्या बागेचा फोटो आहे, ते तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्याखाली काहीतरी सूचना टाकू, आणि पुढच्या वर्षी मार्चच्या बॅचचं नाव बदलायचं का तेही बघतोय. बाकी तुम्हाला अजून काही बोलायचं असेल तर प्लीज मला फोन करा, कारण हा रिव्ह्यू वाचून ८ तारखेच्या बॅचमधल्या दोन फॅमिलींनी काल कॅन्सल केलं आणि हॉटेलचे पैसे आम्ही आधीच भरलेत.

त्या बॅचबरोबर मी स्वतः जातेय. आईंनी बघितलेला वाफा माझ्या लक्षात आहे, त्याचा व्हिडिओ त्यांना पाठवते.