एचडीएमआय लावली की पाहुणा लाइव्ह?

ठाणे-नवी मुंबईत लाइव्ह करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘बाहेरगावचा पाहुणा घ्यायला वेगळा माणूस लागत नाही. झूमसारख्या अ‍ॅपवर मीटिंग लावा, लॅपटॉपची एचडीएमआय स्विचरला द्या. इको अ‍ॅप सांभाळतं. नेट फास्ट असलं की लॅग नाही. ओठ-आवाज आपोआप जुळतात.’

एचडीएमआयचं खरं आहे. चित्र तसं येतंच. फक्त स्विचर (कॅमेरे-लॅपटॉपची चित्रं घेऊन हवं ते ऑन एअर देणारं यंत्र) ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर, असेल तर लॅपटॉपचा आउटपुटही ६० वरून ५० वर आणा, नाहीतर मान हलली की चित्र अडखळतं.

‘इको अ‍ॅप सांभाळतं’ हे मात्र घात करणारं वाक्य आहे. अ‍ॅपचा इको कॅन्सलर खोलीतल्या स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो तो काढण्यासाठी असतो. स्टुडिओत लॅपटॉपला माइकच नसतो, ऑडिओ मिक्सरची लाइन असते. मिक्सरचा मेन आउट (सगळ्यांचा एकत्र आवाज) लॅपटॉपला परत दिलात, तर त्यात पाहुण्याचा स्वतःचा आवाजही जातो आणि उशिराने त्याच्याच कानात पडतो. तो चाचरतो, मग ‘हॅलो, डबल आवाज येतोय’ सुरू. कॅन्सलर कधी तो पकडतो, कधी अँकरचाही आवाज गिळतो. उपाय रेडिओवाल्यांचा, जुना: मिक्स मायनस. एका ऑक्सवर (मिक्सरमधून वेगळा आवाज बाहेर नेणाऱ्या वाटेवर) अँकर, स्टुडिओतले पाहुणे, क्लिपांचा आवाज पाठवा. ज्याला तो ऑक्स जातोय त्याचं चॅनल तेवढं त्यात शून्यावर. दोन पाहुणे एकाच मीटिंगमध्ये असतील तर एक ऑक्स पुरतो. वेगवेगळ्या लॅपटॉपवर असतील तर प्रत्येकाला वेगळा. आणि दिवाळी पहाटेला कुणी परदेशातून गाणार असेल, तर अ‍ॅपचं नॉइज सप्रेशन तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसायला बघतं. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ गाणाऱ्याच्या बाजूने चालू करावा लागतो.

नेटच्या वेगाने लॅग, म्हणजे बोलणं पोचायला लागणारा उशीर, जात नाही. घोडबंदर रोड ते न्यू जर्सी, सरळ धरलं तरी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचेच साठेक मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळसे घेते, वर एन्कोडिंग, बफर. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत संभाषण सुखाचं होतं. म्हणून जिगाबिटचा प्लॅन घेण्याआधी अँकरला सांगा: प्रश्न विचारून थांबा, मध्ये ‘हो, हो’ नको.

ओठ-आवाज एचडीएमआयमधूनच एकत्र घेतलेत तर बहुधा जुळतात. आवाज हेडफोन जॅकमधून मिक्सरला नेलात तर चित्र स्विचरमध्ये रेंगाळतं आणि तो पुढे पळतो. आयटीयूच्याच मोजमापात आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी कळतो. उशीर १२५ पर्यंत कळत नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे दोन फ्रेम पुढे गेलात की पकडले गेलात. पाहुण्याला टाळी वाजवायला लावा, रेकॉर्डिंगवर फ्रेम मोजा, तेवढा डिले त्या चॅनलवर द्या.

राहता राहिला ‘वेगळा माणूस’. पाहुणा दुसऱ्या टॅबवर स्वतःचंच लाइव्ह उघडून बसलेला असतो. ते बंद करा, इअरफोन लावा, खिडकीकडे पाठ नको, हे ऑन एअर जाण्याआधी त्याला कोण सांगणार?