फेरिक क्लोराइडने काळं पडलं म्हणजे टॅनिनच, असं नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, बरं झालं. टॅनिन (झाडाच्या सालीत असणारे, प्रथिनाला बांधणारे तुरट पदार्थ) तपासायला मी जिलेटीन आणि पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी, पाण्यात न विरघळणारी पूड) सुचवलं होतं. तुमचं म्हणणं असं: सालीची पूड लोखंडी पातेल्यात अर्धा तास उकळली, गाळलेल्या अर्कात फेरिक क्लोराइड टाकल्यावर निळा-काळा रंग आला, फोलिन-चोकाल्टू पद्धतीने (अभिकारकाला येणारा निळा रंग मोजून) ४२ टक्के टॅनिन निघालं, मग जिलेटीन आणि पीव्हीपीपीचा खटाटोप कशाला?

फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) फिनॉल ओळखतं, म्हणजे बेंझिनच्या कड्याला -OH गट जोडलेली संयुगं; टॅनिन हा त्यांतला फक्त एक प्रकार. शुद्ध गॅलिक आम्ल घ्या: रेणुभार फक्त १७०, टॅनिन नव्हेच, तरी रंग हुबेहूब तसाच येतो. टॅनिनची खरी खूण म्हणजे प्रथिनाला धरून खाली बसणं. १० टक्के मिठाच्या पाण्यात १ टक्का जिलेटीन विरघळवा आणि थंड, गाळलेल्या अर्कात थेंब थेंब सोडा. गढूळपणा येऊन अवक्षेप बसला तर टॅनिन आहे. एकदम भरपूर ओतू नका, जादा जिलेटीनमध्ये तोच अवक्षेप परत विरघळतो आणि परीक्षा फसते. कातातलं कॅटेचिन फेरिकने हिरवं होतं, पण त्याने जिलेटीन बसत नाही.

हिरव्यावरून आठवलं. निळा-काळा रंग जलविघटनीय (पाण्याशी क्रिया होऊन तुटणाऱ्या) टॅनिनचा आणि हिरवट रंग संघनित (कॅटेचिनसारख्या घटकांच्या साखळीने बनलेल्या) टॅनिनचा, हा नियम पुस्तकात छान दिसतो. पण ५ टक्क्यांचं द्रावण सढळ हाताने टाकलं की उरलेल्या फेरिकचा पिवळा रंग निळ्यात मिसळून हिरवं दिसतं. १ टक्क्याचे दोन-तीन थेंब पुरेत.

पातेल्याचं मात्र मान्य होण्यासारखं नाही. लोखंडातून लोह अर्कात उतरतं, म्हणजे अभिकारक टाकण्याआधीच तुमचा अर्क काळपट झालेला असणार. काच वापरा. शिवाय उकळताना गॅलोटॅनिनचे (गॅलिक आम्लापासून बनलेल्या जलविघटनीय टॅनिनचे) एस्टर बंध तुटून गॅलिक आम्ल सुटतं. टॅनिन घटतं, पण फोलिनच्या आकड्यात ती घट दिसत नाही. म्हणून २०० मिलिग्रॅम बारीक पूड, १० मिलिलिटर ७० टक्के ॲसिटोन, अल्ट्रासाउंडमध्ये २० मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. अर्क बर्फात ठेवायचा.

आता ४२ टक्के. फोलिन अभिकारकाला क्षपण करणारं (इलेक्ट्रॉन देणारं) काहीही चालतं, क जीवनसत्त्वसुद्धा. तो आकडा 'एकूण फिनॉल, गॅलिक आम्लाच्या तुलनेत' असा लिहायला हवा. मानक म्हणून टॅनिक आम्ल घेतलं तर आकडाच बदलतो. टॅनिन वेगळं काढायला १०० मिलिग्रॅम पीव्हीपीपीवर १ मिलिलिटर पाणी आणि १ मिलिलिटर अर्क घाला, ढवळा, ४ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळून सेंट्रिफ्यूज करा. टॅनिन पीव्हीपीपीला चिकटून तळाशी जातं, वरच्या द्रवात साधे फिनॉल उरतात. या द्रवाचा आकडा पुन्हा फोलिनने काढा आणि आधीच्या एकूण आकड्यातून वजा करा. इथे अर्क दुप्पट विरळ झालेला असतो. ते धरलं नाही तर वजाबाकी कमी होते आणि टॅनिन भलतंच फुगतं.

भराभर पन्नास नमुने चाळायचे असतील तर फेरिकची परीक्षा उत्तमच, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण संघनित टॅनिन आहे का हे ठरवायचं असेल तर ०.५ मिलिलिटर अर्क, ९५:५ प्रमाणातलं ब्युटेनॉल-हायड्रोक्लोरिक आम्ल ३ मिलिलिटर आणि ०.१ मिलिलिटर फेरिक अभिकारक एकत्र करून ९५ अंशांच्या थोडं वर तासभर तापवा. लाल रंग ५५० नॅनोमीटरला मोजा. प्रत्येक नमुन्याचा न तापवलेला ब्लँक (तुलनेचा नमुना) वेगळा ठेवा, कारण सालीच्या अर्काला मुळातच तांबूस झाक असते.