निकोला योकिचसाठी वेगळे माप कशाला?

बास्केटबॉलमधील सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंची चर्चा निघाली की डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचविषयी एक युक्तिवाद हल्ली जवळजवळ ठरलेल्या शब्दांत पुढे येतो. योकिच आजचा उत्तम खेळाडू असेल, परंतु त्याच्या नावावर एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, एकच विजेतेपद आहे आणि तेही सोप्या वाटेने मिळालेले. त्याचे आकडे आजच्या वेगवान खेळामुळे फुगलेले आहेत. बचावात तो कच्चा आहे. आणि जेमतेम दहा हंगामांच्या जोरावर त्याला इतिहासातील पहिल्या पंधरांत बसवणे हा उतावीळपणा आहे, असे त्या युक्तिवादाचे सार आहे. त्यातला बचावाचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे आणि तो मी मान्य करणार आहे. बाकीचे मुद्दे मात्र अशा कसोट्यांवर उभे आहेत, ज्या योकिचखेरीज दुसऱ्या कोणत्याही थोर खेळाडूला लावल्या जात नाहीत, आणि माझा आक्षेप मुख्यतः त्यालाच आहे. येथे मी २०२४-२५ च्या हंगामाअखेरपर्यंतची कामगिरीच विचारात घेतली आहे.

विजेतेपदांची मोजणी हा या युक्तिवादाचा कणा आहे, म्हणून आधी तीच तपासू. विजेतेपदांची संख्या हेच श्रेष्ठत्वाचे माप असेल, तर सात विजेतेपदे मिळवणारा रॉबर्ट हॉरी सहा विजेतेपदे मिळवणाऱ्या मायकेल जॉर्डनच्या वर जायला हवा. तसे कोणी म्हणत नाही, कारण विजेतेपद संघ मिळवतो आणि त्यातला एकेका खेळाडूचा वाटा वेगळा जोखावा लागतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. ऑस्कर रॉबर्टसनने एकच विजेतेपद मिळवले, १९७१ मध्ये, मिलवॉकीत करीम अब्दुल-जब्बारची साथ मिळाल्यावर. जेरी वेस्ट नऊ वेळा अंतिम मालिका खेळला आणि १९७२ मध्ये एकदाच जिंकला. मोझेस मलोनला १९८३ मध्ये, तर डर्क नोवित्स्कीला २०११ मध्ये एकेकच विजेतेपद मिळाले. या चौघांना श्रेष्ठांच्या यादीत स्थान देताना कोणी विजेतेपदांचा हिशेब आडवा घालत नाही, उलट वेस्टच्या पराभवांचाही आदराने उल्लेख होतो. बिल रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली हे खरे, परंतु त्याने सुरुवात केली तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते आणि आज तीस आहेत. त्यामुळे रसेलचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. मात्र तेव्हाची विजेतेपदे आणि आताची विजेतेपदे एकास एक धरून बेरीज-वजाबाकी करता येत नाही, एवढे तरी मान्य व्हायला हवे.

वयाचा विचार केला तर हा मुद्दा आणखी दुबळा होतो. जॉर्डनला पहिले विजेतेपद १९९१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाले, आणि योकिचलाही पहिले विजेतेपद २०२३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षीच मिळाले. त्याआधी जॉर्डनबद्दलही असेच बोलले जात असे, की गुण तो ढिगाने करतो, पण संघाला जिंकून देत नाही. जॉर्डनने पुढे पाच विजेतेपदे मिळवली आणि योकिचला पुढच्या दोन वर्षांत एकही मिळाले नाही, हा फरक मी लपवत नाही. पण ती दोन वर्षे नीट पाहिली पाहिजेत. २०२४ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या मालिकेतील सातव्या, म्हणजे निर्णायक, सामन्यात डेन्व्हरने वीस गुणांची आघाडी घालवली, तेव्हा योकिचने ३४ गुण आणि १९ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) नोंदवले होते. २०२५ मध्ये डेन्व्हरने नियमित हंगामाचे तीन सामने शिल्लक असताना प्रशिक्षक मायकेल मलोन यांना हटवले, आणि तरीही हा संघ ६८ सामने जिंकलेल्या व पुढे विजेत्या ठरलेल्या ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला. त्या मालिकेच्या पहिल्या सामन्यात योकिचचे ४२ गुण आणि २२ रिबाउंड होते. सातव्या सामन्यात डेन्व्हरचा धुव्वा उडाला हे खरेच. परंतु खेळाडूचे मोल ठरवताना असा पराभव नुसता ‘हरला’ म्हणून नोंदवून पुढे जाणे अन्यायाचे आहे.

साथीदारांचाही प्रश्न आहे. जॉर्डनला स्कॉटी पिपेन, मॅजिक जॉन्सनला अब्दुल-जब्बार, लॅरी बर्डला केविन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश, स्टीफन करीला काही वर्षे केविन ड्युरंट लाभला. योकिचचा सर्वांत मोठा साथीदार जमाल मरे २०२३ मध्ये विजेता ठरेपर्यंत एकदाही ऑल-स्टार, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या, संघात निवडला गेला नव्हता. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मरे २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बाहेर होता आणि दुसरा साथीदार मायकेल पोर्टर केवळ नऊ सामने खेळला. तरी त्या संघाने ४८ सामने जिंकले, आणि एकाच हंगामात २,००० गुण, १,००० रिबाउंड व ५०० असिस्ट (साथीदाराला थेट गुण मिळवून देणारे पास) करणारा योकिच इतिहासातील पहिला खेळाडू ठरला. संघाच्या यशातला एका खेळाडूचा वाटा मोजायचा असेल, तर मला तरी त्या हंगामाइतका बोलका पुरावा सापडत नाही.

आता ‘सोप्या वाटे’विषयी. २०२३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, डेन्व्हरने पश्चिम विभागातील आठव्या क्रमांकाच्या मिनेसोटाला, चौथ्या क्रमांकाच्या फिनिक्सला, सातव्या क्रमांकाच्या लेकर्सना आणि अखेरीस पूर्व विभागातील आठव्या क्रमांकाच्या मायामी हीटला हरवले, म्हणून ते विजेतेपद हलके, असे सांगितले जाते. क्रमांक बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. फिनिक्सकडे ड्युरंट आणि डेव्हिन बुकर होते, लेकर्सकडे लेब्रॉन जेम्स आणि अँथनी डेव्हिस, आणि मायामीने त्याच वाटेत हंगामात ५८ सामने जिंकलेल्या मिलवॉकीला व ५७ जिंकलेल्या बॉस्टनला घरी पाठवले होते. समोर कोण येणार हे खेळाडूच्या हाती नसते, आलेल्याला कसे हरवले हेच पाहायचे असते. आणि डेन्व्हरने सोळा सामने जिंकताना केवळ चार गमावले, लेकर्सना तर एकही सामना जिंकू दिला नाही. १९९४ मध्ये हकीम ओलाजुवॉनने ह्यूस्टनला विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा जॉर्डन निवृत्ती घेऊन बसला होता. त्या कारणाने हकीमला यादीतून कोणी खाली ढकलत नाही आणि ढकलूही नये.

त्या प्लेऑफमध्ये योकिचने काय केले, तेही येथेच सांगितले पाहिजे. एकाच प्लेऑफमध्ये एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट या तिन्हींत सर्व खेळाडूंमध्ये पहिला येण्याचा मान त्याआधी कोणालाही मिळाला नव्हता. त्याने दहा ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबींत दहा किंवा अधिक) नोंदवले आणि विल्ट चेंबरलेनचा सात ट्रिपल-डबलचा जुना विक्रम मोडला. अंतिम मालिकेचा मायामीतला तिसरा सामना आपल्याकडे पहाटे सहाला सुरू झाला होता. त्या सामन्यात योकिचचे ३२ गुण, २१ रिबाउंड आणि १० असिस्ट होते, जे अंतिम मालिकेच्या इतिहासात कोणीही केले नव्हते, तर मरेचे ३४ गुण, १० रिबाउंड आणि १० असिस्ट. एकाच सामन्यात एका संघाच्या दोघांनी तीस किंवा अधिक गुणांसह ट्रिपल-डबल करण्याची ती पहिलीच वेळ होती.

या दोघांचा खेळ आकड्यांपलीकडे जाऊन पाहण्यासारखा आहे. योकिच फ्री-थ्रो रेषेच्या कोपऱ्याशी चेंडू घेऊन उभा राहतो आणि मरे त्याच्या अंगाला घासून वळतो. मरेचा रक्षक योकिचच्या मागून फिरला, तर मरे चेंडू घेऊन तिथूनच शॉट मारतो. रक्षक मरेच्या पाठीला चिकटून आला, तर मरे बास्केटकडे मुसंडी मारतो. योकिचचा स्वतःचा रक्षक मरेला अडवायला पुढे सरकला, तर योकिच चेंडू हातात ठेवून स्वतः आत घुसतो, आणि त्याला थांबवायला तिसरा कोणी आला की बास्केटमागच्या रेषेवरून झेपावणाऱ्या साथीदार ॲरन गॉर्डनकडे चेंडू उंच सुटतो. रक्षकाने काहीही निवडले तरी ते चुकीचेच ठरावे, अशी ही रचना आहे. योकिच उंच उडी मारत नाही, वेगाने धावत नाही, म्हणून तो थोरांच्या पंक्तीत शोभत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा एक डाव चार वेळा पाहावा. त्या आक्षेपाला याहून जास्त जागा देण्याची गरज मला वाटत नाही.

फुगलेल्या आकड्यांचा मुद्दा वरवर पाहता सर्वांत सबळ वाटतो. आज एक संघ सामन्याला सरासरी ११० हून अधिक गुण करतो आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही सरासरी शंभराच्याही खाली होती, हे निर्विवाद आहे. म्हणूनच २०२४-२५ मधील योकिचच्या सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्टमधून काही वजा करावे, अशी मागणी होते. परंतु ही वजाबाकी करायचीच असेल तर ती सर्वांच्या बाबतीत करावी लागेल. १९६१-६२ मध्ये रॉबर्टसनने हंगामभराच्या सरासरीत ट्रिपल-डबल गाठला आणि चेंबरलेनने सामन्याला ५०.४ गुण केले, त्या हंगामात संघांची सरासरी ११८ गुणांच्या पुढे होती, म्हणजे आजच्याहूनही अधिक. तेव्हा शॉट जास्त घेतले जात आणि चुकतही जास्त, त्यामुळे रिबाउंडही भरपूर मिळत. त्या काळातले आकडे जसेच्या तसे पूजायचे आणि आजच्या आकड्यांना तेवढी कात्री लावायची, ही पद्धत इतिहासाचा आदर करणारी नाही.

यावर खरा उपाय म्हणजे खेळाडूची तुलना त्याच्या समकालीनांशी करणे, कारण खेळाचा वेग आणि नियम त्या हंगामात सर्वांना सारखेच असतात. तशी तुलना केली तर २०२४-२५ मध्ये योकिच सरासरी गुणांत तिसरा, रिबाउंडमध्ये तिसरा आणि असिस्टमध्ये दुसरा होता, आणि हे करताना त्याचे ५७.६ टक्के शॉट व तीन गुणांचे ४१.७ टक्के शॉट बास्केटमध्ये पडत होते. त्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, फिनिक्सविरुद्ध त्याने ३१ गुण, २१ रिबाउंड आणि २२ असिस्ट केले. एका सामन्यात तीस गुण, वीस रिबाउंड आणि वीस असिस्ट एकत्र करणारा दुसरा कोणी त्याआधी झाला नव्हता. आजचा खेळ आकडे फुगवतो हे खरे असते, तर असे आकडे आजच्या आणखी दोन-चार जणांच्या नावावर दिसायला हवे होते.

समकालीनांशी तुलना करण्याचे आणखी एक साधन एमव्हीपी, म्हणजे हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या, पुरस्काराचे मतदान पुरवते. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये हा पुरस्कार योकिचला मिळाला, तर २०२३ आणि २०२५ मध्ये तो दुसरा आला. म्हणजे सलग पाच वर्षे तो पहिल्या दोघांत होता. २०२५ पर्यंत तीन किंवा अधिक वेळा हा पुरस्कार मिळवणारे खेळाडू केवळ नऊ आहेत: अब्दुल-जब्बार, जॉर्डन, रसेल, चेंबरलेन, लेब्रॉन, मोझेस मलोन, बर्ड, मॅजिक आणि योकिच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, एक्केचाळिसाव्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत निवडलेला, सर्बियातील सोम्बोरचा हा खेळाडू त्या पंक्तीत स्वतःच्या खेळाने जाऊन बसला आहे.

बचावाच्या बाबतीत मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बऱ्याच जवळ आहे. योकिच बास्केटचे रक्षण रसेल किंवा हकीमसारखे करू शकत नाही, बाहेरच्या वेगवान खेळाडूंमागे धावताना तो मागे पडतो, आणि तो खेळतो त्या सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या, जागी ही उणीव इतर कोणत्याही जागेपेक्षा महाग पडते. हकीमला त्याच्या वर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. परंतु त्याच्या बचावामुळे संघ मोठा सामना जिंकू शकत नाही, हे विधान २०२३ मध्येच खोटे ठरले आहे. अंतिम मालिकेतील पाच सामन्यांत मायामीने ९३, १११, ९४, ९५ आणि ८९ गुण केले. म्हणजे पाचपैकी चार सामन्यांत डेन्व्हरने त्यांना शंभरी गाठू दिली नाही. चेंडू हाताने वळवणे, योग्य जागी आधी पोचणे आणि रिबाउंड घेऊन समोरच्याचा दुसरा प्रयत्न संपवणे हाही बचावच असतो. शिवाय मॅजिक जॉन्सनची एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघात एकदाही निवड झाली नाही, तरी त्याला पहिल्या दहांत ठेवताना कोणाचा हात अडखळत नाही.

उरला कारकिर्दीच्या लांबीचा मुद्दा. लेब्रॉन आणि अब्दुल-जब्बार यांच्या वीस किंवा अधिक हंगामांपुढे दहा हंगाम थोडे आहेत, यात शंका नाही, आणि त्यामुळेच त्या दोघांच्या जवळपासही योकिचला आज ठेवता येणार नाही. परंतु वादाचा विषय पहिले दोन-तीन क्रमांक नसून पहिले पंधरा आहेत, आणि तिथे बर्ड ८९७ सामन्यांवर, तर मॅजिक ९०६ सामन्यांवर उभा आहे. योकिचचे नियमित हंगामातील सामने २०२५ च्या वसंतात ७४५ झाले होते, म्हणजे पूर्ण दोन हंगामांचेच अंतर उरले होते. मोझेस मलोन आणि जेरी वेस्ट यांच्या पुढे तो आताच गेला आहे असे माझे मत आहे, ड्युरंटच्याही पुढे. बर्डच्या शेजारी बसण्यासाठी त्याला आणखी एक विजेतेपद लागेल.